कलमदानाचं तोंड

१

आमच्या दुकानात जे मिळतं ते कोणालाही लागत नाही. हे मी गिऱ्हाइकाला पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, म्हणजे त्याला घ्यावंसं वाटतं. शाईच्या दौती, टाक, बोरू, लाखेवर उठवायच्या मोहरा, कागद कापायच्या बिनधारेच्या सुऱ्या, पत्रं तोलायचे इवलेसे काटे. आता लिहितं कोण आणि पत्र तोलतं कोण? तरी माणसं येतात, हाताळतात आणि घेऊन जातात. एक निवृत्त न्यायाधीश माझ्याकडून शिंगाच्या मुठीची सुरी घेऊन गेले, ते तिने रोज सकाळी पावाला लोणी लावतात. दातांच्या एका डॉक्टरांनी पत्रांचा काटा नेला. त्यावर ते तंबाखू तोलतात; बायकोला शब्द दिलाय, दिवसाला एवढीच. मला काय, वस्तू कामाला लागली की झालं.

शाळा मी चौथीपर्यंत पाहिली. पुढचं सगळं शिक्षण भंगारात. तेव्हा मी पितळ पोत्याने घ्यायचो आणि भट्टीवर द्यायचो. एकदा पोत्यात एक दौत निघाली. मी ती ढिगात फेकणार एवढ्यात ताई म्हणाली, "अरे थांब, झाकणावर माशी बसलीय बघ." मी माशी हाकलली, ती उडेना. पितळेचीच होती. ताई हसून हसून खाली बसली. ती दौत ज्याने नेली तो आठ दिवसांनी आणखी दौती मागायला आला, आणि आमचं भंगार सुटलं.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिनेच मला वाढवलं. तिने लग्न केलं नाही, माझी बायको गेली, त्यामुळे दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. दुकानातल्या प्रत्येक वस्तूला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी असते, आणि ती चिठ्ठी ताईच्या हातची असते. मोत्यासारखं अक्षर म्हणतात, पण मोती सगळे सारखे असतात. ताईचं प्रत्येक अक्षर आपल्या जागेवर आपल्या ऐटीत बसलेलं. एका गिऱ्हाइकाने दौत परत केली आणि विचारलं, "चिठ्ठी ठेवून घेऊ का?"

मागच्या वर्षी ताईला अर्धांगाचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, चालणं काठीवर आलं, उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले, "जे परत यायचं ते साधारण सहा महिन्यांत येतं. पुढे फार आशा धरू नका." व्यायाम करून घेणारी बाई एक दिवसाआड यायची, रबरी चेंडू ताईच्या मुठीत द्यायची आणि चेंडू गडगडत माझ्या पायाशी यायचा. चार महिने असे गेले. मी म्हटलं, चिठ्ठ्या छापून घेऊ.

ताई म्हणाली, "खायला मला डावा पुरतो. जगायला उजवाच लागतो. छापून आणलीस तर चुलीत घालीन."

आमच्याकडे चूल नाही. पण मी छापल्या नाहीत.

२

नकलनवीस म्हणजे कचेरीत बसून कागदांच्या नकला उतरवणारा माणूस. असाच एक नकलनवीस वारला होता, त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि त्याच्या सुनेला टेबलावरचं सामान काढायचं होतं. मी गेलो.

माझी एक पद्धत आहे. टेबलावरची वस्तू उचलण्याआधी मी दोन मिनिटं नुसता बघत उभा राहतो. दौत कुठे, टाक कुठे, कागदावरचं वजन कोणत्या हाताला, यावरून बसणारा डावरा की उजवा, उतावळा की चिकट, सगळं कळतं. मग गिऱ्हाइकाला सांगायला गोष्ट होते.

टेबल भिंतीला चिकटवून ठेवलेलं होतं. त्यावर एक कलमदान. काळ्या लाकडाची लांबट बैठक, तीत काचेच्या दोन दौती, दौतींना पितळी झाकणं. अशा कलमदानाला पुढची आणि मागची बाजू असते. टाक ठेवायची खाच पुढे, लिहिणाऱ्याच्या हाताशी. झाकणांच्या बिजागऱ्या मागे, म्हणजे झाकण उघडलं की लिहिणाऱ्यापासून लांब पडतं. इथे खाच होती भिंतीकडे आणि बिजागऱ्या खुर्चीकडे. म्हणजे कलमदानाचं तोंड भिंतीकडे.

"पुसताना उलटं ठेवलं गेलं वाटतं," मी म्हटलं.

सून म्हणाली, "नाही. तसंच असतं."

"मग लिहायचे कसे?"

"कोणी लिहीत नाही." तिने माझ्याकडे न बघता वर्तमानपत्र पसरलं आणि कलमदान त्यात गुंडाळायला लागली. घासाघीस करायची माझी सवय. तिने मी बोललो तो आकडा मान्य केला. असं झालं की मला खरं म्हणजे रात्री झोप लागत नाही, कुठेतरी तडा असणार असं वाटतं. मी काच बोटाने वाजवून पाहिली. तडा नव्हता.

दुकानात मधोमध एक टेबल आहे. आतल्या खुर्चीत ताई बसते, बाहेरच्या खुर्चीत गिऱ्हाईक. टेबलावरच्या मालाचं तोंड नेहमी गिऱ्हाइकाकडे. त्याला वाटलं पाहिजे की आपण आपल्याच टेबलाशी बसलोय. आणि दौत मी कोरडी ठेवत नाही. शाई भरतो. टाक बुडवून बघितलेलं गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हाताने जात नाही.

मी कलमदान पुसलं, दोन्ही दौतींत शाई घातली, खाचेत टाक ठेवला आणि त्याचं तोंड बाहेरच्या रिकाम्या खुर्चीकडे करून ठेवलं.

३

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मागे चहा टाकत होतो. ताई टेबलाशी होती. व्यायामवाल्या बाईंनी तिला डाव्या हाताने एक ओळ गिरवायला दिली होती, "आज हवा छान आहे." ती ओळ चार दिवस कोंबडीच्या पायांसारखी कागदभर फिरत होती.

मला टाकाची कुरकुर ऐकू आली. जड हाताची कुरकुर वेगळी, सरावाच्या हाताची वेगळी. ही सरावाची होती.

बाहेर येऊन बघतो तर टाक ताईच्या उजव्या हातात. हात चालला होता. ताई कागदाकडे बघत नव्हती, समोरच्या खुर्चीकडे बघत होती, शेजारीण गप्पा मारायला बसली असावी तशी. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि मला एक अक्षर लागेना. मग माझ्या लक्षात आलं, की लिहिलेलं उलटं आहे. माझ्या आणि ताईच्या बाजूने उलटं. मी टेबलाला वळसा घालून बाहेरच्या खुर्चीपाशी गेलो. तिथून ते सरळ होतं. "आज हवा छान आहे." ताईचं जुनं अक्षर, आजाराआधीचं, ऐटीतलं.

"ताई!"

"काय रे, चहा उतू गेला का?" ती म्हणाली, आणि मग तिचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. मग रडली. मीही रडलो, खोटं कशाला सांगू.

व्यायामवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. "उलटं तर उलटं! मेंदूचं असंच असतं हो काका, तो आपल्याला वाट्टेल तशी वाट काढतो. माझा एक पेशंट फक्त गाणं म्हणताना जिना चढायचा." मला ते पटलं. आपल्याला जे पटायला हवं असतं ते लगेच पटतं.

फक्त ओळीखाली बारीक अक्षरात आणखी काही होतं: "असलबरहुकूम नक्कल." जुन्या कचेरीच्या कागदांवर हा शेरा मी शेकडो वेळा बघितलाय. मुळात आहे तसंच उतरवलं, असा त्याचा अर्थ.

"हे कुठे शिकलीस?" मी विचारलं.

"काय?" ताई म्हणाली. "काय लिहिलंय तिथे? मला इकडून दिसत नाही."

४

मग ते रोजचंच झालं. जेवण झालं की ताई टेबलाशी बसायची आणि तास दीड तास लिहायची. मी विचारलं, काय लिहितेस? म्हणाली, "मनात जे असेल ते. हात थांबत नाही, म्हणून मीही थांबत नाही." दुकानाच्या चिठ्ठ्याही झाल्या. त्या मी नुसत्या फिरवून बांधल्या. कोणाला काय कळतंय. लिहून झालेले मोठे कागद मी न वाचता टेबलाच्या खणात ठेवायचो. बहिणीचं मन आहे, आपण कशाला वाचायचं.

दोन गोष्टी मला टोचल्या. दोन्हींना मी कारणं शोधली.

पहिली. मी मागे असलो की लिहिणं संपल्यावर एक आवाज यायचा. टक, टक, टक. मग जरा थांबून, टक टक. हा आवाज मला पाठ आहे. कागदांचा गठ्ठा उभा धरून टेबलावर ठोकतात, कडा सारख्या व्हाव्यात म्हणून. आधी लांब बाजूने, मग आखूड. कचेरीतली माणसं न बघता करतात. पण त्याला दोन हात लागतात, आणि दोन्ही घट्ट धरणारे लागतात. ताईच्या उजव्या हातात टाक चालत होता, चेंडू अजूनही गडगडतच होता. मी म्हटलं, काठी ठोकत असेल.

दुसरी. एक म्हातारे गृहस्थ आले, गप्पिष्ट. मी म्हटलं, "ताई, ह्यांना त्या माशीची गोष्ट सांग ना." ती गोष्ट ताईची. ती मला कधी सांगू द्यायची नाही, म्हणायची, "तू मध्येच हसतोस आणि वाट लावतोस."

ताई म्हणाली, "कसली माशी?"

"दौतीवरची गं. पितळेची. भंगारातली."

"तू सांग," ती म्हणाली. मी सांगितली. ती छान हसली. त्या गृहस्थांच्या इतकीच, आणि त्यांच्याबरोबरच. मग म्हणाली, "आणि तुझ्या बहिणीने नसती बघितली तर?"

मी गृहस्थांना दारापर्यंत पोचवून आलो आणि खण उघडला. मला बघायचं होतं तिने काय काय लिहिलंय. खण रिकामा होता. टिपायच्या कागदाचा एक तुकडा तेवढा होता, कोरा.

५

सुनेने दार अर्धंच उघडलं. "मी परत घेणार नाही," ती म्हणाली. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"परत द्यायला नाही आलो. विचारायला आलोय."

"तोंड कुठे केलंत त्याचं?"

"गिऱ्हाइकाकडे. तशी पद्धत असते."

"तिथे खुर्ची आहे?"

"आहे."

तिने दार थोडं आणखी उघडलं आणि उंबऱ्याशीच उभी राहिली. आत टेबल दिसत होतं. कलमदानाच्या जागेवर तिने लोणच्याची बरणी ठेवली होती. "सासूबाईंचा हात कापायचा," ती म्हणाली. "सासरे गेल्यावर त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायला लागल्या आणि कंप थांबला. आम्हाला इतका आनंद झाला. रोज लिहायच्या. अक्षर काय सुंदर! मग एकदा मी भाजी आणून ठेवली तर म्हणाल्या, 'बाई, तुमचे किती झाले?' मी वर्षभर सून होते त्यांची. नंतर मुलालाच म्हणाल्या. शेवटी आरशापुढे थांबून नमस्कार करायच्या, पाहुणी आली म्हणून."

"आणि कागद?"

"कागद राहत नाहीत हो." ती हे अशा सुरात म्हणाली जसं दूध राहत नाही म्हणावं. "मग ह्यांनी टेबल भिंतीला लावलं आणि त्याचं तोंड तिकडे केलं. त्या बाजूला खुर्ची मावत नाही ना. त्यानंतर काही नाही."

"फेकून का नाही दिलंत?"

"फेकलं तर कोणत्या तोंडाने पडेल, सांगता येतं का?"

मी तिला म्हटलं, हे विकताना सांगायला हवं होतंत. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही घेतलं नसतंत का? खरं सांगा." मी धंद्यातला माणूस आहे. मी जास्त पैसे मोजले असते आणि तोंड तेवढं फिरवलंच असतं.

६

घरी येऊन मी कलमदान उचललं आणि फडताळाच्या मधल्या फळीवर, भिंतीला टेकवून, भिंतीकडे तोंड करून ठेवलं. ताई लिहीत होती. टाक तिच्या बोटांतून निसटला आणि हात मांडीवर पडला, ओल्या टॉवेलसारखा.

"ठेव परत," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. सासूबाई, भाजी, आरसा. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"मला ठाऊक आहे काहीतरी जातंय," ती म्हणाली. "तू काही विचारतोस आणि मग तुझं तोंड उतरतं, त्यावरून कळतं मला. पण जे जातं ते गेल्याचं दुखत नाही रे. हात गेलेला रोज दुखतो. हात माझा, गेलेलंही माझं. तू मध्ये पडणारा कोण?"

"भाऊ."

"मग भावासारखा वाग. ठेव परत."

मी ठेवलं नाही. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. व्यायामवाल्या बाईंनी हात उचलून सोडून पाहिला, तो सोडला तिथून पडला. दारापाशी त्या मला हळूच म्हणाल्या, "काका, मागे गेलंय. आणि आता तीन आठवडेच राहिलेत. हात चालता राहिला तर मुरेल, थांबला तर संपलं." म्हणजे तीन आठवडे हात चालला की तो ताईचा. पुढे कलमदानाची गरज नाही. मी हा हिशेब पुन्हा पुन्हा मांडला आणि तो प्रत्येक वेळी बरोबर येत होता.

पाचव्या दिवशी मी कलमदान टेबलावर आणलं. तोंड खुर्चीकडे.

"एक अट आहे," मी म्हटलं. "तुझं काही लिहायचं नाही. मी मागे उभा राहून सांगीन, ते लिही. जायचं ते माझं जाईल."

ताईने मला खालून वर बघितलं. "तुझ्याकडे आहेच काय? तीस वर्षांच्या थापा."

"थापाच देऊ की. उतरवणाऱ्याला काय फरक पडतोय?"

ती हसली. चार दिवसांनी.

मी नीट निवडून द्यायचं ठरवलं होतं. कोणत्या गिऱ्हाइकाने कशी फसवणूक केली, कुठली लिलावातली भांडणं, कुणाच्या घरी वस्तू बघायला गेलो आणि कुत्रा मागे लागला, असा किरकोळ माल. मी ताईच्या मागे उभा राहायचो, तिच्या खुर्चीच्या पाठीला धरून, आणि सांगायचो. टाक चालायचा. समोरच्या खुर्चीकडे मी बघत नसे. कधी बोलताना अडलो, शब्द सुचेना, तर टाकही थांबायचा, आणि त्या शांततेत असं वाटायचं की कोणीतरी सौजन्याने वाट बघतंय.

आणि जमलं! ताईचं काही जाईना. हात रोज सुधारत गेला. एका सकाळी तिने उजव्या हाताने चेंडू धरला, दाबला आणि माझ्या अंगावर फेकला. व्यायामवाल्या बाई ओरडल्याच. मला माझ्यात काही कमी झाल्यासारखं वाटत नव्हतं. एकदा लोणी लावणारे न्यायाधीश आले, म्हणाले, "ती कुत्र्याची गोष्ट सांगा हो." मी म्हटलं, "कुठल्या कुत्र्याची?" त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मलाही तसंच वाटलं.

तीन आठवड्यांतले सोळा दिवस झाले होते.

७

सतराव्या दिवशी, दुपारी, मी सांगत होतो आणि ताई लिहीत होती, तेव्हा दुकानाचं दार उघडून एक बाई आली. पस्तिशीची असेल, हातात चाकांची बॅग, दमलेली. आम्हाला बघून हसली आणि सरळ बाहेरच्या खुर्चीत बसायला गेली.

बसता बसता थांबली. दचकून दोन पावलं मागे आली आणि म्हणाली, "अय्या, माफ करा हं, माझं लक्षच नव्हतं."

खुर्चीला म्हणाली.

मग तिने पुन्हा बघितलं. खुर्ची रिकामी. ती ओशाळून हसली. "मला वाटलं कोणी बसलंय. चष्म्याचं कोणीतरी, मान खाली घालून कागद सारखे करत होतं. प्रवासाने डोकं फिरलंय माझं."

मी कधी नव्हे ते त्या खुर्चीकडे बघितलं. पण गिऱ्हाईक उभं ठेवायचं नाही ही सवय. "तुम्ही ह्या स्टुलावर बसा," मी म्हटलं. "काय दाखवू?"

तिचं हसू तसंच राहिलं, पण त्यातलं काहीतरी गेलं. "'तुम्ही' काय, बाबा?"

माझं वय बघून बाबा म्हणणारे खूप आहेत. मी म्हटलं, "दौती बघायच्यात की टाक?"

"बाबा, चेष्टा पुरे. तीन रविवार झाले, मी फोन करते आणि तुम्ही म्हणता, दुकान बंद आहे, उद्या करा. पहिल्यांदा मी हसले. मग मी तिकीटच काढलं." ती ताईकडे वळली. "आत्या, काय झालंय ह्यांना? तू तरी सांग."

मी ताईकडे बघितलं. ताईला ठाऊक असणार. ताईने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरही तोच प्रश्न होता. तिला वाटत होतं की मला ठाऊक असणार.

वस्तू समोर आली आणि तिची काहीच माहिती नसली, तरी ती काय आहे ते ठरवता येतं. मी आयुष्यभर तेच केलंय. मी ठरवायला लागलो. ताईला आत्या म्हणते, म्हणजे ताईच्या भावाची मुलगी. ताईला भाऊ एकच. बोलता बोलता तिने मागे हात नेऊन दिव्याचं बटण दाबलं, न बघता, आणि ते बटण कपाटाच्या आड आहे, ते आमच्याशिवाय कोणाला सापडत नाही. कान माझ्या बायकोचे. सगळं जुळत होतं. कुठेही तडा नव्हता. आणि माझ्या आत काहीही हललं नाही.

ताईने विचारलं, अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं, "पहिल्या दिवशी तू दौत फोडणाऱ्या पोरीची गोष्ट सांगितलीस. दोन वेण्यांची पोरगी. शाईच्या पायांनी घरभर फिरली ती. कोणाची पोरगी होती?"

"ठाऊक नाही," मी म्हटलं. "तुला नाही आठवत?"

"मी ती आधीच, माझं मी लिहीत होते तेव्हा, लिहिली असणार," ताई म्हणाली.

मग ती उठली. काठी न घेता. तिने कलमदान दोन्ही हातांनी उचललं. शाई भरलेलं, जड लाकडाचं ते कलमदान, दोन्ही हातांनी. झटका आल्यापासून मी तिला दोन हातांनी काही धरताना बघितलं नव्हतं. चार पावलं चालत ती फडताळापाशी गेली, मधल्या फळीवर ते ठेवलं, भिंतीला टेकवलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. डावा हात तिने काढून घेतला. उजवा तसाच लाकडावर राहिला, आणि मग आपल्या वजनाने घसरत खाली आला.

मी म्हटलं, "ताई, चारच दिवस राहिले होते."

"गप," ती म्हणाली. "पोरीला चहा दे. दमून आलीय."

८

चहा तिनेच केला. कप कुठे असतात ते तिला ठाऊक होतं.

मी ठरवलं, हिला कळू द्यायचं नाही. आजारपणाने, काळजीने भ्रमिष्टासारखं झालं होतं, आता बरं आहे, असं काहीतरी म्हटलं. तिला ते पटायला हवं होतं, म्हणून पटलं. मग मी माझ्या कामाला लागलो. समोरच्याला कळू न देता त्याच्याकडून सगळं काढून घ्यायचं, तीस वर्षं मी दुसरं काय केलं? "घरी कसं काय?" म्हटलं की घर कळतं. "त्याचं काय म्हणणं?" म्हटलं की नवरा कळतो. "धाकट्याची तब्येत?" म्हटलं आणि ती म्हणाली, "धाकटा कुठला, एकच तर आहे," मी म्हटलं, "अगं, माझ्यासाठी तो धाकटाच," ती हसली, आणि एक मुलगा आहे हे कळलं. तासाभरात मला नवऱ्याची नोकरी, मुलाची इयत्ता, सासूच्या गुडघ्यांचं ऑपरेशन, ह्या सगळ्याची माहिती झाली. मुलाचं नावसुद्धा. ते मी आत जाऊन कागदावर लिहून ठेवलं, माझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात, साध्या पेनने.

तिचं नाव मात्र काही केल्या येईना. स्वतःचं नाव बापाला कोण कशाला सांगेल? ताई तिला "बाळ, बाळ" म्हणत होती आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघत होती, मी एकदा तरी हाक मारीन म्हणून. मीही "पोरी" म्हणत होतो आणि ताईच्या तोंडाकडे बघत होतो.

ती कप विसळत असताना स्टुलावर तिचा फोन वाजला. ती हात पुसत धावत आली. ताईने मान वर केली. मी कान दिला.

"हॅलो," ती म्हणाली. "हो, मीच बोलतेय."